एका लॉगिनवर दोघी

वहिनी माझ्यापेक्षा हुशार आहे हे मला कळलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. मी ओट्याला टेकून उभी, हातात मोबाइल, मोबाइलवर आमच्या ऑनलाइन कोर्सचे सर. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा बारा तासांत, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल, असा प्रश्न त्यांनी टाकला आणि व्हिडिओ थांबवून सोडवा म्हणाले. मी व्हिडिओ थांबवला आणि पेन्सिल शोधायला लागले. वहिनीनं पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "चार."

मी विचारलं, काय चार? तर म्हणे, चार तास. यवतमाळकडच्या त्यांच्या गावात चार दिवसांनी नळ येतो, टाकी कधी भरणार हे बघतच ती लहानाची मोठी झाली, त्याला पेन्सिल काहून पाहिजे? मी व्हिडिओ पुढं सरकवला. सर म्हणाले, चार. त्यांचा तो विजयी चेहरा बघून मला त्यांचाही राग आला. मी वहिनीला म्हटलं, तुक्का लागला तुझा. ती हसली. तुक्का म्हणजे काय ते तिला चांगलं माहीत होतं आणि हा तुक्का नाही हेही.

मी तेव्हा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि नोंदवायच्या, हे काम. पुण्यात जन्मलेल्या माणसाला या कामाचा पगार देतात याचंच मला सुरुवातीला नवल वाटायचं. सहा वर्षांनी नवल संपलं. माझ्या मागून आलेली पोरं एमबीए करून मॅनेजर होऊन परत आली आणि मला 'जरा हे बघून घ्या ना' म्हणायला लागली. मला त्यांच्या खुर्च्या हव्या होत्या, सरळ सांगते. एमबीएच्या प्रवेश परीक्षेला मी दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळचा पर्सेंटाइल मी आईलासुद्धा खरा सांगितला नव्हता. कंपनीची बस मला घराजवळ सोडेपर्यंत क्लास सुटलेले असायचे, म्हणून तिसऱ्या खेपेला ऑनलाइन कोर्स घेतला. रेकॉर्ड केलेली लेक्चरं, दर आठवड्याला एक सराव परीक्षा, आणि ती झाली की कोर्सच्या सगळ्या मुलांत तुमचा नंबर कितवा ते स्क्रीनवर. कोर्समध्ये बाकी काय काय होतं ते मी विसरले, पण तो नंबर अजून डोळ्यांसमोर येतो.

घरात आम्ही चौघं. कसबा पेठेत तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. आई, औषध कंपनीच्या कामासाठी महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी असलेला दादा, मी, आणि वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली वहिनी. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, बी.कॉम., फर्स्ट क्लास. ती मला 'ताई, तुम्ही' म्हणायची. मी तिला वहिनी म्हणायचे आणि अगं-तुगं करायचे. ती 'करून राहिले, जाऊन राहिले' असं बोलायची आणि आम्ही हसायचो. प्रेमानं हसतो असं आमचं म्हणणं होतं.

नळाच्या गणितानंतर दोनचार दिवसांनी तिनं विचारलं, दिवसा तुम्ही ऑफिसात असता, तेव्हा मी ते व्हिडिओ पाहिले तर चालेल का? मला फार उदार वाटलं स्वतःबद्दल. पासवर्ड कागदावर लिहून दिला, माझा जुना लॅपटॉप काढून दिला. मनात म्हटलं, आठ दिवसांत कंटाळेल आणि परत मालिका लावून बसेल.

कंटाळली कसली! सकाळचं सगळं आवरून, आई आडवी झाली की ती खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसायची. महिना-दीड महिन्यानं एका शनिवारी मी कोर्सचं पान उघडलं, तर गणितात माझा नंबर एकदम वर गेलेला. मी टेस्टर, मला वाटलं यांच्या साइटमध्ये काहीतरी घोळ आहे. तक्रार लिहायला घेतली होती. मग परीक्षा दिल्याची वेळ बघितली: बुधवार, दुपारी दीड. बुधवारी दीड वाजता मी कॅन्टीनमध्ये थंडगार उपमा खात होते.

पोटात दुखलं म्हणजे अक्षरशः दुखलं. ती समोरच बसून शेंगा सोलत होती. मी म्हटलं, छान गं, बरा आलाय नंबर. ती म्हणाली, हो ना ताई, शेवटची दोन गणितं राहून गेली, नाही तर अजून वर आला असता. हे वाक्य मी पुढं आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये चघळत होते. शेवटची दोन राहून गेली म्हणे! माझी शेवटची बारा राहायची.

लॉगिन एकच, त्यामुळं कोर्सच्या लेखी आम्ही दोघी मिळून एक बाई होतो. त्या बाईला गणित उत्तम येतं असं कोर्सचं मत झालं, आणि मी रविवारी बसले की तो मला सोपं काही दाखवीचना. 'हे तुम्हाला येते' असा हिरवा शिक्का मारून तो माझा नेमका कच्चा धडा वगळायचा आणि पुढचा अवघड धडा उघडायचा. त्यात एक दिवस ऑफिसात कोर्सवाल्यांचा फोन आला. एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली की मॅम, पुण्यातल्या आमच्या विद्यार्थ्यांमध्ये गणितात तुम्ही पहिल्या पाचांत आहात, तुम्ही अभ्यास कसा करता? मी काय म्हणावं? मी म्हटलं, रोज थोडं थोडं करते. आणि थँक्यूसुद्धा म्हटलं. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. जेवणाच्या सुट्टीत मी तो नंबर मोबाइलवर उघडून टीममधल्यांना दाखवला. सगळ्यांनी वा वा केलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी वहिनीवर उखडले, भाजी खारट झाली म्हणून. भाजी खारट नव्हती.

वहिनी काही गरीब गाय नव्हती हेही सांगायला हवं, नाही तर सगळं पाप माझ्याच माथी. तिलाही मजा येत होती. दादा घरी असला की ती जेवताना मुद्दाम कोर्समधलं एखादं कोडं काढायची, मला आधी उत्तर देऊ द्यायची, ते चुकलं की भात वाढता वाढता बरोबर उत्तर सांगायची. दादा खो खो हसायचा. एकदा म्हणाला, तायडे, फी तू भरलीस आणि शिकली ही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून वाईट म्हणजे आई दुपारी उठून तिला चहा करून द्यायला लागली. मी दोन वर्षं अभ्यास केला, मला कुणी चहा विचारला नव्हता. मला तिच्या डोक्याचा हेवा वाटायचा, तिच्या मोकळ्या दुपारचा वाटायचा, शेवटी शेवटी त्या चहाचासुद्धा वाटायला लागला. तिलाही माझ्या नोकरीचा हेवा वाटत असेल का, असं मला तेव्हा एकदाही सुचलं नाही.

गणपती उठल्यावर एका रविवारी ती जेवताना म्हणाली, मलाही परीक्षेला बसायचं आहे. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी अट घातली होती, मुलीला पुढं शिकू द्या, आणि आमच्याकडून सगळ्यांनी मान डोलावली होती. दादा म्हणाला, बघू. दादाचं 'बघू' म्हणजे नाही. आईनं मात्र हात धुतले आणि निकाल दिला: "एकदा बस. लागला नंबर तर जा शिकायला. नाही लागला तर हा विषय परत काढायचा नाही. मग घरात पाळणा हलायला हवा."

वहिनी 'चालेल' म्हणाली. त्या दिवसापासून ती कोडी घालायची थांबली आणि नुसता अभ्यास करायला लागली.

फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. मी दोनदा भरलेला, तेव्हा तिचाही मीच भरायचा हे आम्हा दोघींत न बोलताच ठरलं. मुदतीच्या आधीच्या रविवारी ती आईबरोबर मंडईत गेली होती. जाताना माझ्या पलंगावर तिच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी ठेवून गेली: दहावीची गुणपत्रिका, पदवी, आधार कार्ड, फोटो. सगळं नीट एकाखाली एक. सगळ्यावर माहेरचं नाव.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहितात, तसं दादानंही लिहिलं होतं, आणि आडनावाबरोबर तिचं पहिलं नावही बदललं होतं. घरात, बिल्डिंगमध्ये, नातेवाइकांत ती त्याच नावानं ओळखली जायची. कागदावर मात्र काहीच बदललं नव्हतं. लग्नाची नोंदणीसुद्धा, 'करू या' म्हणता म्हणता राहिली होती.

फॉर्मचा पहिलाच रकाना नावाचा. त्याखाली लाल अक्षरांत सूचना, की ओळखपत्रावर जसं आहे तसंच नाव लिहा. मी सवयीनं सासरचं नाव टाइप केलं. ती चूक होती, देवाशपथ चूक होती. मग आधार कार्ड हातात घेतलं, नंबर उतरवायला, आणि त्यावरचं नाव दिसलं. मला पुढचं सगळं एका क्षणात समजलं. दारात तपासणी होते, नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, हे मी दोनदा डोळ्यांनी बघितलं होतं. मी बोट खोडायच्या बटणावर नेलं. तेव्हा मला काय आठवावं? तो गोड आवाजातला फोन. पहिल्या पाचांत आहात मॅम. वाटलं, ही परीक्षेला बसली तर निकाल लागेल, आणि निकाल दोन लागतील, एकाच घरात, एकाच दिवशी. मी बोट काढून घेतलं. बाकीचा फॉर्म अगदी काळजीपूर्वक भरला, एकही चूक केली नाही, आणि पाठवून दिला.

त्या मंडईतून आल्या. वहिनीनं विचारलं, भरला का ताई? मी म्हटलं, भरला. तिनं माझ्यासाठी चिक्कू आणले होते. मी ते खाल्ले.

दुरुस्तीसाठी आठ दिवस मिळतात. आठही दिवस मी बसमध्ये ठरवायचे की आज घरी गेल्यावर नाव बदलायचं, आणि आठही दिवस घरी गेल्यावर ती लॅपटॉपपुढं बसलेली दिसायची. मग मी म्हणायचे, उद्या. असे आठ उद्या झाले आणि दुरुस्ती बंद झाली.

परीक्षेचं केंद्र दोघींचं एकच आलं, शहराबाहेरचं एक इंजिनीअरिंग कॉलेज, दुपारची वेळ. आईनं दोघींच्या हातावर दहीसाखर ठेवली. रिक्षात वहिनी सूत्रं पुटपुटत होती, मध्येच एकदा म्हणाली की ताई, भीती वाटून राहिली. मी म्हटलं, वाटतेच. मला कशाची वाटत होती ते मी सांगितलं नाही.

दारातल्या मुलीनं माझं प्रवेशपत्र बघितलं, ओळखपत्र बघितलं, जा म्हणाली. मग वहिनीचं घेतलं. दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, परत धरले, आणि म्हणाली, चेहरा तुमचाच आहे मॅडम, पण नाव दुसऱ्याच बाईचं आहे. वहिनी तिला समजावत होती, लग्नाआधीचं, लग्नानंतरचं. मुलीनं तिच्या साहेबांना बोलावलं. ते चांगले होते, आवाजही चढवला नाही त्यांनी. विवाह नोंदणीचा दाखला आहे का? नाही. नाव बदलल्याचं राजपत्र? वहिनीला तो शब्दही माहीत नव्हता. ते म्हणाले, मग माझा इलाज नाही. आणि मग त्यांनी विचारलं, फॉर्म भरला कुणी?

मी दोन पावलांवर उभी होते, प्रवेशपत्र हातात धरून. वहिनीनं माझ्याकडं बघितलं.

"मीच भरला," ती म्हणाली.

मला तोंड होतं. आवाजही होता. एरवी तो जिन्याच्या तळापर्यंत ऐकू जातो. ती म्हणाली, ताई, तुम्ही व्हा पुढं, तुमचा वेळ चालला. माझ्या खांद्यावरची बॅग तिनं काढून घेतली, आत बॅग नेऊ देत नाहीत म्हणून. आणि मी पुढं झाले.

आत पहिली दहा मिनिटं मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू? आता निकाल एकच लागणार होता. त्यानंतर मात्र मला एकही गणित वाचता आलं नाही. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. वेळ संपेपर्यंत मी उत्तरांवर अंदाजानं टिचक्या मारत बसले.

बाहेर आले तेव्हा ती समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसली होती, माझी बॅग मांडीवर घेऊन. डोळे सुजलेले होते. तिनं विचारलं, कसा गेला? मी म्हटलं, बरा.

घरीही तिनं फॉर्म आपणच भरला असं सांगितलं आणि दादा तिलाच बोलला, फॉर्म भरताना डोळे कुठं होते म्हणून. मी तेव्हाही खरं सांगितलं नाही. आई म्हणाली, देवाच्या मनात नव्हतं म्हणायचं, आता तो लॅपटॉप आवरून ठेव. तेव्हा मात्र मी उठले आणि आईशी भांडले. नंबर लागला नाही तर विषय संपला, असं तू म्हणाली होतीस. नंबर लागायला आधी बसावं लागतं. ती बसलीच कुठं? तू म्हणालीस एकदा बस, ते एकदा अजून व्हायचंच आहे. आई तासभर धुसफुसली, पण स्वतःच्या शब्दात ती अडकली होती आणि शब्द मोडणाऱ्यांतली ती नव्हे. वहिनीला आणखी एक वर्ष मिळालं. मी हे तिच्यासाठी केलं की स्वतःला झोप लागावी म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

माझा पर्सेंटाइल आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा कमी आला. मी परत बसले नाही. कोर्सचं लॉगिन वहिनीला देऊन टाकलं, तिनं त्यावरचं नाव बदलून घेतलं. पुढच्या वर्षी तिनं फॉर्म स्वतः भरला, माहेरच्या नावानं, दार लावून. निकालाच्या दिवशी तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. नव्व्याण्णव आणि वर काहीतरी. मी तिला मिठी मारली, मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. बाहेर आल्यावर सांगितलं, आनंद झाला गं. थोडा झालाही होता. पण पोटात तो नंबर बघितला त्या शनिवारी दुखलं होतं तसंच दुखत होतं, तितकंच.

बंगळूरला प्रवेश मिळाला. दादा तिला सोडायला जाणार होता. मी दोघांना बसपर्यंत पोचवायला स्वारगेटला गेले. संध्याकाळची वेळ, गर्दी, दादा बॅगा डिकीत लावून घेत होता. आम्ही दोघी फुटपाथवर उभ्या. मला वाटलं, आज नाही तर कधीच नाही.

"वहिनी, त्या पहिल्या फॉर्मवर ते नाव मी घातलं होतं."

"माहीत आहे ना, ताई," ती म्हणाली. "त्याची प्रत माझ्याच मेलवर आली होती. दुसऱ्या दिवशीच पाहिली मी."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? दुरुस्तीला आठ दिवस होते.

"दुरुस्त करावं लागते हे मला कुठं ठाऊक होतं? तुम्ही दोनदा बसलेल्या, तुम्हाला कळत असणार म्हटलं." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "आणि खरं सांगू का, मला बरं वाटलं होतं. इथं आल्यापासून माझ्या बोलण्याला सगळे हसता. म्हटलं, ताई हसतात, पण कागदावर लिहायची वेळ आली तर त्यांनी मला आपल्या घरची म्हणून लिहिलं. तीनचारदा उघडून पाहिलं मी ते नाव."

मुद्दाम, एवढा एकच शब्द सांगायचा उरला होता. तो माझ्या जिभेवर होता. दादानं हाक मारली, चला, बस सुटतेय. मी तिला विचारलं, खिडकीची जागा मिळाली का, आणि ती हो म्हणाली.